संरक्षित कुळे

श्वानपालन हे गृहस्थाश्रमातील एक निरुपद्रवी व्यसन होय, असे समजणाऱ्या सज्जनांनी कुत्र्याच्या अंगावरील पिसू कधी पाहिलेली नसते. आणि ज्यांनी ती पाहिली, त्यांना पुढे कित्येक महिने दुसरे काही पाहण्यास सवड मिळत नाही. आमच्या दारी वास्तव्य करून असलेल्या ‘दिवाण’ नामक गावठी श्वानाने, मृग सरून आर्द्रा लागते न लागते तोच, भुंकणे, राखण करणे, शेपूट हलवणे, येणाऱ्याजाणाऱ्या सायकलींचा पाठलाग करणे इत्यादी सर्व खात्यांचा कारभार बेमुदत तहकूब केला आणि आपले अखिल सामर्थ्य खाजवणे या एकाच खात्याकडे वर्ग केले, तेव्हा हा वयोमानाचा परिणाम असावा असे आम्हांस वाटले. कारण निवृत्तीच्या सुमारास मनुष्यप्राण्याचाही कारभार बहुधा याच वळणावर जातो. परंतु लवकरच त्या खाजवण्यास एक तालबद्धता आली, पाठोपाठ तिचे संक्रमण घरातील माणसांत झाले, आणि एके रात्री आमचे समग्र कुटुंब उजव्या हाताने भाकरी मोडीत असता डाव्या हाताने पायाचे घोटे खाजवीत आहे असे दृश्य दिसले, तेव्हा प्रकरण श्वानापुरते राहिलेले नाही, हे मान्य करणे प्राप्त झाले.

दिवाणास मांडीवर आडवा घेऊन उवांच्या बारीक फणीने त्याची पाठ विंचरली असता दातांत केसांबरोबर काही काळे कण येतात. ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाकले की क्षणार्धात त्यांच्याभोवती तांबूस वर्तुळ पसरते. कारण ती धूळ नसून पिसवेने प्राशन करून, पचवून, टाकून दिलेले दिवाणाचेच रक्त असते. खुद्द पिसू मात्र फणीत सहसा येत नाही. दोन-अडीच मिलिमीटर लांबीची, तपकिरी, दोन्ही कुशींनी चेपलेली ही सुकुमारी दाट केसांतून अशी निसटते की, भर बाजारात उधारी मागणारा समोरून दिसल्यावर निसटणाऱ्या गृहस्थानेही तिच्यापासून धडा घ्यावा. चिमटीत सापडलीच, तर कितीही चिरडली तरी तिला त्याचे काही वाटत नाही. चिमूट सैल होण्याचा अवकाश, ती सुमारे एक फुटाची उडी घेऊन अंतर्धान पावते, आणि आपण चष्मा पुसून जमिनीवर तिचा शोध करीत असता ती आपल्याच धोतराच्या निऱ्यांत स्थिरस्थावर झालेली असते. तिला मृत्यू येतो तो केवळ दोन नखांच्या मध्ये, किंवा साबणाच्या पाण्यात.

आता हे सर्व अन्य एखाद्या गावी घडते तर कुत्र्यास ‘हाड’ म्हणून प्रकरण निकाली काढता आले असते. पण आमचे गाव नरसी. कयाधूच्या काठावरील हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून विख्यात आहे, आणि १२७० साली जन्मलेल्या या महापुरुषाविषयी अशी आख्यायिका आहे की, भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्याच्या मागे ते तुपाची वाटी घेऊन, देवा, कोरडी खाऊ नका, अशी विनवणी करीत धावले. तेव्हापासून या गावात कुत्र्याचा अवमान करणे म्हणजे ग्रामदैवताच्या पुराव्यावर आक्षेप घेण्यासारखे आहे. त्या दिवसांत मीही दिवाणाच्या मागे वाटी घेऊन धावलो. फरक इतकाच की माझ्या वाटीत करंजाचे तेल होते, आणि पुढे धावणाऱ्यास माझ्या ठिकाणी कोणताही भक्त दिसला नाही. याविषयीची शंका मी एका कीर्तनकार महाराजांपुढे मांडली. म्हटले, “महाराज, कुत्र्यात पांडुरंग आहे हे शिरसावंद्य. पण पिसवेत आहे काय?” महाराजांनी डोळे मिटून क्षणभर चिंतन केले आणि म्हणाले, “आहे, गुरुजी. निश्चित आहे. पण तुम्ही जरा लांब बसा.”

मराठवाड्यात पाण्याचे दुर्भिक्ष पडते, सल्ल्याचे कधी पडल्याचे ऐकिवात नाही. प्रथम मातुःश्रींच्या आज्ञेवरून कडुनिंबाच्या पाल्याचे उकळून कोमट केलेले पाणी सिद्ध झाले. दिवाण हा एरवी माझ्या हाकेस ओ देत नाही; परंतु पाण्याची बादली पाहताच त्याने संकट ओळखले आणि तो माजघरातील बाजेखाली जो शिरला तो दोन माणसे, एक काठी आणि अर्धी भाकरी यांच्या संयुक्त प्रयत्नांनीच बाहेर निघाला. स्नान समाप्त होताच त्याने आपले सर्वांग असे झटकले की, निंबाचे ते औषधी पाणी मातुःश्री, सौभाग्यवती, तुळशीवृंदावन आणि मी यांच्यात समप्रमाणात विभागले गेले. त्यानंतर तो थेट अंगणातील मातीत जाऊन लोळला. त्या रात्री घरात पिसवांचा उपद्रव ज्यास झाला नाही अशी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे तुळस.

आमचा जिल्हा हळदीचा. हिंगोली आणि वसमतच्या बाजारांतून हळदीचे ढीग ज्याने पाहिले असतील, त्यास हे सांगणे नको की इकडे कापले, खरचटले, मुरगळले, पडसे झाले किंवा लग्न ठरले, तर प्रथम हळदीचाच विचार होतो. त्यामुळे पिसवांवर हळद आणि करंजतेल यांचा लेप हा उपाय सुचवणारे एक नव्हे, अख्खी आळी निघाली. लेप झाला. पिसवांनी त्याची दखल घेतली की नाही ते कळले नाही. पण मस्तकापासून पुच्छापर्यंत पिवळाधमक झालेला दिवाण वेशीपर्यंत फिरून आला, तोवर तो जेजुरीहून आलेला खंडोबाचा श्वान असावा असा काही भाविकांचा समज होऊन त्याच्या पुढ्यात पेढे पडले होते. पुढचे काही दिवस लेप लावण्याची वेळ झाली की दिवाण स्वतः होऊन वाटीजवळ येऊन बसत असे. प्रतिष्ठेची चव श्वानासही लागते.

तिसरा उपाय घेऊन मागल्या गल्लीतील एक उत्साही तरुण पाठीला फवारणीचा पंप बांधूनच आला. “गुरुजी, सोयाबीनवरली अळी याच्यानं एका फवाऱ्यात खल्लास व्हती. पिसू म्हंजे काय!”

“आणि कुत्रा?” मी विचारले.

तो विचारात पडला. मग बाटलीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाला, “कुत्र्याचं कंपनीनं काई लिवलं नाई.”

शेतातील विषे कुत्र्याच्या अंगावर गेली की तो ती चाटतो आणि पिसवांच्या आधी स्वतः इहलोक सोडतो, हे मला ठाऊक असल्याने मी त्या तरुणास चहा पाजून पंपासह मार्गस्थ केले.

परंतु या सर्व प्रकरणास कायदेशीर अधिष्ठान दिले ते शेजारच्या अप्पांनी. अप्पा सेवानिवृत्त तलाठी असून त्यांच्या घराण्यात आजोबांपासून पटवारगिरी चालत आलेली. त्यामुळे जगातील यच्चयावत घटनांकडे ते सातबाऱ्याच्या रकान्यांतूनच पाहतात. हैदराबाद संस्थानचा मुलूख १९४८ साली भारतात सामील झाल्यावर १९५० साली या भागास जो कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू झाला, त्याने ‘संरक्षित कूळ’ नामक एक वर्ग मान्य केला, आणि त्यास जमिनीवरून हुसकावून लावणे मालकास दुरापास्त होऊन बसले. या कायद्याची कलमे अप्पांना मुखोद्गत आहेत. दिवाणाकडे करुणेने पाहत ते म्हणाले, “गुरुजी, कुत्रं तुमच्या मालकीचं हाय, हे खरं. पण वहिवाट कोणाची? कब्जा कोणाचा? त्यायचा. ‘इतर हक्कां’च्या रकान्यात पिसवायची नोंद झालेली हाय. ह्या संरक्षित कुळा हायेत. अशा निघत नसतात.”

“मग उपाय काय, अप्पा?”

“पीक मारा. कुळाला पीकच घावलं नाई, तर कूळ कुठवर टिकंल? घर बंद करा आन् निघून जा. दिवाणाला ठिवा मळ्यात.”

युक्तिवाद इतका बिनतोड होता की आम्ही घरास कुलूप घालून वसमतला सासुरवाडीस प्रयाण केले. तेथे काही काळ सुखाने व्यतीत केल्यानंतर, म्हणजे सासुरवाडीकडील मंडळी आमच्या घोट्यांकडे संशयाने पाहू लागल्यानंतर, आम्ही परतलो. कुलूप उघडून मी सर्वांच्या आधी आत पाऊल टाकले, आणि उपाशी मरून पडलेल्या कुळांच्या दर्शनाची अपेक्षा करीत माजघराच्या मध्यापर्यंत गेलो असेन नसेन, तोच दोन्ही पायांवर गुडघ्यापर्यंत अशा काही झिणझिण्या आल्या की मी हातातील पिशवी टाकून बाहेर धावलो. खाली पाहतो तो धोतरावर तपकिरी ठिपके, आणि प्रत्येक ठिपका उड्या मारणारा. सौभाग्यवती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, “अहो, तुमच्या स्वागताला सगळा गाव जमलेला दिसतोय.”

अखेरीस आम्ही पशुवैद्याकडे गेलो. हा उपाय सर्वांच्या शेवटी का सुचतो, याचे उत्तर सोपे आहे: त्याचे पैसे पडतात. डॉक्टर तरुण, शांत आणि अल्पभाषी होते. बंद घराची हकीकत ऐकून ते हसले आणि म्हणाले, “कोषातली पिसू महिनोन्महिने दम धरून बसते, गुरुजी. पावलांचा हादरा, अंगाची ऊब आणि श्वास यांची चाहूल लागली की बाहेर पडते. तुम्ही घरात पाऊल टाकलंत आणि सगळ्यांना एकदम वर्दी मिळाली.” मग त्यांनी गोळी द्यायची म्हणून दिवाणाचे वजन विचारले. ते कोणासच ठाऊक नव्हते.

गावात कुत्रा तोलण्याची सोय नाही. धान्य तोलण्याची आहे. एका आडत दुकानात मी दिवाणास उचलून घेऊन काट्यावर उभा राहिलो. हमालांनी आकडा मोठ्याने पुकारला. नंतर एकटा उभा राहिलो. तोही आकडा त्यांनी तितक्याच मोठ्याने पुकारल्यामुळे माझ्या वजनाची गावभर वार्ता झाली, ते निराळे. वजाबाकी होऊन दिवाण अठरा किलो भरला. तेवढ्यात आडत्यांनी गादीवरून मान वर केली, नुकत्याच आंघोळ घातलेल्या दिवाणाच्या अंगावरून हात फिरवला आणि जन्माच्या सवयीने म्हणाले, “माल वला हाय. एक किलो कट धरावी लागंल.” डॉक्टरांना मी दोन्ही आकडे कळवले. त्यांनी आडत्यांची कट नामंजूर केली.

गोळी देताना डॉक्टरांनी जे सांगितले, त्याने मात्र आमच्या घराण्याच्या अब्रूलाच हात घातला. “कुत्र्यावर दिसतात त्या शंभरातल्या पाच,” ते म्हणाले, “बाकीच्या पंच्याण्णव अंडी, अळ्या आणि कोष होऊन तुमच्या घरात आहेत.” पिसवेची मादी दिवसाकाठी चाळीस-पन्नास अंडी घालू शकते, ती गुळगुळीत असल्याने कुत्र्याच्या अंगावर टिकत नाहीत, आणि तो जेथे जेथे बसतो, लोळतो, झोपतो तेथे तेथे ओघळून पडतात. पुढे फटीत, सतरंजीत, गोधडीत त्यांच्या अळ्या होऊन त्या मोठ्या पिसवांच्या विष्ठेवर पोसल्या जातात. हे ऐकून सौभाग्यवतींनी डॉक्टरांना न विचारता मला विचारले, “म्हणजे आपलं घर घाण आहे, असं यांचं म्हणणं आहे का?” मी दिवाणाकडे पाहिले. ज्याच्यावरचा पंच्याण्णव टक्के आरोप नुकताच खोटा ठरला आहे अशा आरोपीच्या मुद्रेने तो माझ्याकडे पाहत होता.

आणि खरेच, मनुष्याची रीतच अशी की तो सर्वांची झडती घेतो, केवळ पिसवेची घेत नाही. १८९६ साली मुंबईत आणि पुढल्या वर्षी पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारने १८९७ चा साथरोगांचा कायदा केला, लोकांची घरे उपसली, पेट्या रस्त्यावर आणल्या, भिंतींना चुना फासला, प्रवाशांना आगगाडीतून उतरवून तपासले. उंदराच्या अंगावरची पिसू मात्र कोणाच्या फिर्यादीत आली नाही. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्याने तिच्यावर प्रथम सप्रयोग आरोप ठेवला, तर विद्वानांनी त्या गृहस्थाच्याच बोलण्यावर अविश्वास दाखवला. आणि परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनी त्याचे म्हणणे खरे ठरेपर्यंत पिसू सन्मानाने जामिनावर राहिली. मग माझ्यासारख्या खेड्यातील शिक्षकाने एका गरीब कुत्र्यास आरोपी धरले, तर त्यात नवल ते काय?

डॉक्टरांनी निघताना आणखी एक माहिती दिली, ती मात्र मला अमृतासमान वाटली. कुत्र्यांच्या अंगावर आढळणाऱ्या पिसवा बव्हंशी मांजराच्या जातीच्या असतात. अप्पांचा एक धष्टपुष्ट बोका आहे. मी परस्पर अप्पांचे घर गाठले आणि म्हटले, “अप्पा, फेरफार करावा लागेल. कुळे तुमच्या बोक्याकडून आलेली दिसतात.”

अप्पा ताडकन उठून बसले. “आमच्या घरात पिसू? गुरुजी, तीन पिढ्यांत आमच्या घरात पिसू आली नाई. पाहिजे तर पंचनामा करा!” असे म्हणून त्यांनी उजवा हात पंचनाम्याच्या आवाहनार्थ उंचावला, डावा हात त्या वेळी घोट्याकडे होता.

यापुढे सुरू झाले ते गृहशुद्धीचे पर्व. गोधड्या, चादरी, दिवाणाचे पोते सर्व ऊन पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावे, अशी वैद्यकीय आज्ञा होती. आणि महिना आषाढ होता. सूर्यनारायण दिवसातून एकदा हजेरीपटावर सही करण्यापुरता येई आणि लगेच रजेवर जाई. धुतलेल्या गोधड्या घरभर दोऱ्यांवर लोंबत राहिल्या, आणि आम्ही त्यांच्याखालून वाकून फिरता फिरता एकमेकांस नमस्कार करीत आहोत असा भास होऊ लागला. रात्री जमिनीवर परातीत साबणाचे पाणी ठेवून वर दिवा लावावा, म्हणजे उजेडाच्या व उबेच्या दिशेने उडी घेणाऱ्या पिसवा पाण्यात पडून मरतात, हा प्रयोगही केला. पहाटे उठून पाहतो तो परातीत काही मोजक्या पिसवा, एक जास्वंदीचे फूल आणि हळदीकुंकू. मातुःश्रींनी विचारले, “कोणत्या देवाचा रे हा दिवा?” आता पिसवांचा, असे कसे सांगावे? मी म्हणालो, “वास्तुदेवतेचा.”

याच सुमारास परतवारी आली. पंढरपूरची आषाढी करून आलेला वारकरी समुदाय आषाढ वद्य एकादशीस नरसीत नामदेवांच्या दर्शनास लोटतो, आणि त्या दिवशी गावात असे घर नसते की ज्याच्या ओसरीवर पाहुणा टेकत नाही. पिसवा घरात असताना अतिथीस नको म्हणणे अधर्म, आणि या म्हणणे फसवणूक. अशा पेचात आम्ही दिवाणास मळ्यात पाठवले, ओसरी दोनदा झाडली आणि वाळलेल्या निवडक सतरंज्या अंथरल्या. सकाळी एका वृद्ध वारकऱ्याने माझे दोन्ही हात हाती घेतले आणि सद्गदित होऊन म्हणाले, “गुरुजी, वय झालं, एकादशीचा जागर अलीकडं होत न्हवता. काल तुमच्या ओसरीवर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाई. पुण्य पदरात पडलं.” ते निघाले तेव्हा त्यांची पिशवी मी स्वतः अंगणात नेऊन झटकली. नामदेव या गावातून निघाले ते पंजाबात घुमानपर्यंत पोहोचले, त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली, आणि तिकडचे भाविक आज इथल्या गुरुद्वारात येतात. एवढी कीर्ती नरसीस पुरेशी आहे. तीत आमच्या पिसवांनी भर घालावी, अशी माझी इच्छा नव्हती.

पुढे गोळी महिन्याच्या महिन्याला पेढ्यातून जात राहिली. पहिल्या खेपेस दिवाणाने पेढा खाऊन गोळी तेवढी परत केली होती, पण भाविकांचा पेढा आणि वैद्याचा पेढा यांतला भेद तो पुढे विसरला. झाडलोट, धुणे आणि उन्हात घालणे हे भाद्रपद उलटून जाईपर्यंत चालले, आणि कोषात बसलेली शेवटची कुळे एकेक करून बाहेर येऊन, औषध लागू झालेल्या दिवाणास चावून गतप्राण झाली. दिवाण पूर्ववत भुंकू लागला आहे. अप्पांच्या घरात अर्थातच पिसू नाही. केवळ त्यांचा बोका डॉक्टरांकडे नेण्यासाठी परवा त्यांनी आमची पिशवी मागून नेली, आणि कशासाठी नेता, असे मी विचारले नाही.

वाचकहो, तुमचा कुत्रा खाजवू लागला तर सल्ला मागत गावभर हिंडू नका. त्याला वजनानुसार औषध द्या, किमान तीन महिने द्या, शेतातले विष आणि रॉकेल त्याच्यापासून दूर ठेवा, आणि त्याच्याकडे रागाने पाहण्याआधी स्वतःची गोधडी धुवा. आणि आपल्या घरात पिसू नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू लागला, तर त्याचा दुसरा हात कुठे आहे तेवढे पाहून घ्या.